रुमालाखाली

खाट नंबर नऊ. जिनगोंडा मगदूम, वय एक्याऐंशी.
फाइलीत माझ्याच अक्षरात आहे :
संध्याकाळी सहानंतर अस्वस्थ. चादर ओरबाडतात.
येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरून बोटं पिरगाळतात.
त्याखाली, तेही माझंच अक्षर :
दोन्ही मनगटं बँडेजनं कठड्याला बांधली.
रात्री शांत.

शांत हा शब्द मी किती सहज लिहिला.

डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं होतं.
त्यांनी गोल काढला, नीट, ताटलीएवढा,
आणि बाराच्या बारा आकडे उजव्या कडेला,
पुरात एकाच गच्चीवर चढलेल्या माणसांसारखे.
डावीकडं नुसतं पाणी.
आज वार कोणता?
म्हणाले, सौद्याचा.
डॉक्टरांनी शून्य मांडलं.

सून डबा घेऊन येते. एकदा जिन्यात म्हणाली,
मामंजी ओळखत नाहीत त्याचं काही नाही हो सिस्टर,
पण परवा मला अहो बाई म्हणाले.
बावीस वर्षांत पहिल्यांदा अहो.
हसली, आणि तिथंच पायरीवर बसली
डबा मांडीवर घेऊन.

ओळखलं ते इलाहीनं.
आमचा वॉर्डबॉय. त्याचा बाप सांगलीच्या यार्डात पोती वाहायचा.
फरशी पुसता पुसता थांबला.
सिस्टर, बांधू नका त्यांना.
म्हातारा भाव करतोय.

हात सोडले. खुंटीवरचा टॉवेल काढून
त्यानं दोघांच्या पंजांवर टाकला.
हळदीचा सौदा असा व्हायचा म्हणे, तोंड मिटून,
एक बोट धरलं तर इतके, अख्खा पंजा धरला तर तितके,
भोवती शंभर माणसं, आणि आकडा दोघांनाच ठाऊक.
टॉवेलखाली काय चाललंय मला दिसत नव्हतं.
चेहरा दिसत होता.
तीन आठवड्यांत पहिल्यांदा
त्या चेहऱ्यात कुणीतरी राहायला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हात घातला.
चाचपडत दोन बोटं धरली.
त्यांनी हात झिडकारला :
ही काय हळद आहे की भुसा?

शिकले हळूहळू.
रात्री नऊची गोळी आता सौद्यात बसते.
मला पोरा म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.
कधी आपणहून हरिपूरच्या पेवांचं सांगतात,
जमिनीखालची, तोंड लहान, पोटात पोतीच्या पोती.
उघडलं म्हणून लगेच उतरायचं नसतं, पोरा,
आतली हवा मेलेली असते.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.

नर्सिंगच्या पुस्तकात हे असणार, दुसऱ्या शब्दांत.
मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

काही पेवांत पुराचं पाणी शिरलं.
त्याचं विचारलं की ओठ हलतात, शब्द येत नाही,
मी कंदील वर ओढून घेते.

परवा सुनेला म्हटलं, तुम्ही घाला हात.
लाजली. मग पदरच टाकला दोघांच्या हातांवर.
बराच वेळ.
खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.
हात बाहेर आला तेव्हा मी विचारलं, किती सांगितले?
डोळे पुसत म्हणाली,
रुमालाखालचं बाहेर सांगत नसतात, सिस्टर.

सगळ्या रात्री जमत नाही.
मंगळवारी चावले. माझ्या डाव्या मनगटावर
अजून दातांची खूण आहे, जिथं त्यांना
मी गाठ मारत होते, बरोबर तिथंच.

आज पाळी बदलताना फाइलीत लिहिलं,
पुढच्या सिस्टरसाठी :
हात मोकळे ठेवावेत.
उशाशी टॉवेल असू द्यावा.
भाव पाडून मागू नये.