रात्री दोन-चौदा

वडनेरच्या जिनिंगमध्ये, वजनकाट्याच्या खोलीत
पावत्या भरणारा बॉट
तीन रात्री अर्ध्यातच थांबलेला.
पडद्यावर एवढंच : काहीतरी चुकले.
काय, ते सांगत नाही बाप्पा.

मालकाचा फोन : लॉग पाह्य ना, लॉग!
पाहतो, पण असतो कुठे तो?
प्रोग्रॅमच्या फोल्डरात नाही, डेस्कटॉपवर तर नाहीच.
शेवटी ‘लपलेले दाखवा’वर टिक केली
अन् फिकट फिकट फोल्डर वर आले,
सरकीच्या पोत्यांआड मांजरीची पिलं सापडावी तसे.

कालच्या तारखेची फाइल नोटपॅडमध्ये उघडली.
०२:१३:५८ पावती ३१७ जतन.
०२:१४:०६ बटण शोधत आहे.
०२:१४:३६ बटण सापडले नाही.
पुन्हा शोधत आहे.
पुन्हा.
चाळीस ओळी नुसतं पुन्हा.
मी असतो तर एवढं शोधलं नसतं.

पण बटण जाईल कुठे रात्री दोनला?
दारात शामराव मडावी, पाळी संपवून, हातात डबा.
त्यांचं गेटावरचं रजिस्टर मागून घेतलं,
पानं तेलकट, शाई निळी :
२ वा. राउंड. कुत्रं हाकललं.
२.१४ काट्याच्या खोलीतला टीव्ही बंद केला,
लय पाखरं जमत होती.

“बंद नोतं कराले पायजे का जी?”
मी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली,
मग खोडली.
मालकाला काय कळवायचं
यातच चहा गार झाला.