हात दुखतात, बाई

आफ्रिकेच्या नकाशाला खिळा नव्हता.
शाळेतला एकुलता खिळा राज्याच्या नकाशानं अडवलेला,
आणि आमच्या भागात राज्याचा नकाशा
कुणी सहज हलवत नाही.

म्हणून मष्णू आणि लुमाण्णा दोन टोकं धरून उभे.
मोझांबिकच्या किनाऱ्याला वाळवी लागलेली.
मी अतिथी शिक्षिका, दहा महिन्यांच्या बोलीवर,
खानापुरातून सकाळची बस, पुढं रान तुडवत,
डोक्यात काल रात्री वाचलेली पानं.

म्हणाले, हा तिकडचा हत्ती. कान बघा, सुपाएवढे.
पोरांनी ऐकून घेतलं, पाहुण्याचं ऐकावं तसं.
'आमच्या भातात येतोय की, बाई.
सुगीला अख्खं खळं मोडून गेला.'
'त्याचे कान केवढे होते?'
'कान कोण बघत बसतंय? पळालो की.'

जिराफाला मात्र सगळे हसले.
'ह्यो सकाळी आंबील पिला
तर पोटात कवा पोचायची?'

मग मी वेग घेतला. सोन्याच्या खाणींचे राजे,
वाळवंटात पेट्यांतून जपलेल्या पोथ्या,
चुन्याशिवाय रचलेले दगडी तट.
मग जहाजं. माणसं भरलेली,
गोव्याच्या धक्क्याला लागलेली.
इथं माझी नजर, नकळत नव्हे, चांगली कळत,
दुसऱ्या ओळीतल्या नातालीनवर गेली.
तिच्या मागोमाग सगळ्या वर्गाची.

ती ब्लेडनं पेन्सिल तासत होती.
'नातालीन, तू सांगतेस काय आफ्रिकेबद्दल?'
उभी राहिली. फ्रॉकवरचा भुसा झाडला.
'मी गेले न्हाई, बाई.'
थोडं थांबून, मला वाईट वाटू नये म्हणून,
'हल्याळला गेलेय. मामाकडं.'

पुण्याच्या वसतिगृहात मला विचारलं होतं,
बेळगावची, पण मूळची कुठली?
धारवाडच्या खिडकीपलीकडून तेच, कन्नडमधून.
दोन्ही वेळा मी आडनावापासून ग्रामदैवतापर्यंत
सगळं सांगत बसले होते,
शेवटी आवाज बारीक होत होत.

जेवणाच्या सुट्टीत, वगळलेली एक ओळ आठवली.
म्हणाले, तुमच्या डब्यातली नाचणी तिकडची.
जोंधळा तिकडचा. चवळीपण.
हजारो वर्षांपूर्वी आली.
लुमाण्णानं भाकरी उलटी करून बघितली.
मष्णू म्हणाला, 'मग भाकरी पण सिद्दी काय?'
'व्हय,' नातालीन म्हणाली, तोंडात घास,
'पण तुझी लई पातळ हाय.'

रविवारी तिच्या वाडीवर गेले.
बस्त्यांवनं, तिच्या बापानं, धमाम शेकायला घेतला.
आधी हरणाचं कातडं असायचं,
आता गार्ड येतो, म्हणून बकऱ्याचं.
'हरीण बरं बोलायचं,' म्हणाला. 'पण हरणालाबी कातडं लागतंयच की.'
गाणं कोकणी, अधेमधे मराठी,
आणि प्रत्येक फेऱ्याला एक शब्द, कशातलाच नसलेला.
अर्थ विचारला.
'अर्थ न्हाई त्याला. तो म्हणायचा असतोय.'
वहीत लिहून घेतला, दोन प्रकारे.
बसमध्ये वाचून बघितला. दोन्ही चुकलेले.

सोमवारी नातालीन खिळा घेऊन आली,
गंजका, बोटभर लांब.
दगडानं ठोकला. चिऱ्याची भिंत, खिळा वाकला.
दुसऱ्या जागी ठोकला. पुन्हा वाकला.
मष्णू, लुमाण्णा न सांगता उठले,
आपापली टोकं धरून उभे राहिले.
वाळवीचा किनारा आत गुंडाळत होता,
तो तिनं तळव्यानं सपाट दाबून धरला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून घसा साफ करत होते.

'शिकवा की, बाई,' ती म्हणाली,
'हात दुखतात.'