उष्टा श्वास

दारूखान्यात, तोडलेल्या जहाजांच्या साखळ्यांमागे
बर्नार्ड घोन्साल्विसचं गॅरेज.
बाकावर कालचा पेपर, पेपरवर दोन टर्बो:
एक बशीएवढा, नवा, खोक्यातला.
दुसरा नारळाएवढा, कुणाच्या तरी मोडलेल्या गाडीतून निघालेला
आणि, खोटं कशाला बोलू, देखणा.

"ठरवा मॅडम."

मी विमा कंपनीची सर्व्हेअर.
दिवसभर चेपलेल्या बॉनेटांची किंमत लिहिते,
सीटवर काय सुकलंय ते विचारत नाही.
तरी अकरा वर्षं एका जुन्या ऑक्टेव्हियात
पगार ओतत आलेय.
सासू म्हणते, त्यापेक्षा सोनं घेतलं असतंस.
सोनं वळणातून बाहेर पडताना पाठीला सीटवर दाबत नाही,
हे तिला कसं सांगू.

बर्नार्ड शटरवर खडूने नकाशा काढतो.
आडवी हवा, उभा दाब,
मध्ये बेटं, एकात एक.
"ह्या डाव्या रेघेपलीकडे गेलात की हवा उलटी फिरते,
खोकते, पाती खाते.
उजवीकडे गेलात की नुसती तापते.
तुमची गाडी कुठल्या बेटावर राहते, तेवढं सांगा."

मी बोटांवर मोजते.
कोइम्बतूरचा ट्रॅक वर्षातून दोनदा,
सहा दिवस धरून चाला.
उरलेलं वर्ष घर ते पनवेलचं यार्ड,
मानखुर्दला दुसरा गिअर, वाशी नाक्याला पहिला,
एसी चालू, तापमानाचा काटा माझ्याकडे बघतोय.
हे बेट कसलं, चिखल आहे.
पण त्या सहा दिवसांतला तो सरळ पट्टा!
तिथे पाच हजारांवर माझी गाडी दम टाकते
आणि नाशिकचा कुणी दातांचा डॉक्टर
उजवीकडून निघून जातो,
हात हलवून.

"मोठा बसवला तर?"
"तर रॉड बदला, क्लच बदला, पंप बदला.
नवरा तेवढा राहू द्या."

पहाटे पाचला तो मला दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी देतो,
असाच नारळ बसवलेली.
ऑरेंज गेटवरून फ्रीवेवर.
तिसरा गिअर. पाय खाली.
काही नाही.
अजून काही नाही.
उजवीकडे माहुलची ज्योत निवांत जळतेय.
घोडं पेंड खातंय,
बर्नार्ड खिडकीबाहेर बघतोय, जणू त्याचा संबंधच नाही.
मग कुणीतरी पाठीत लाथ घालतं
आणि बोगद्याचं तोंड, कॅमेऱ्याचा खांब,
कचऱ्याचा ट्रक,
ब्रेक.

ताकद आली तेव्हा रस्ता उरला नव्हता.

रिपोर्टात मी असंच काहीसं लिहिते:
चालकाचा अंदाज चुकला.
परतीच्या वाटेवर बर्नार्ड एवढंच म्हणाला,
"गाडीचा दोष नाही हो. हिला लांब गाव पाहिजे."

गॅरेजात मी बशी उचलली.
तोंडाजवळ धरून फुंकर मारली.
पातं फिरलं, आवाज न करता,
आणि किती तरी वेळ थांबेना.
इंजिनाने टाकून दिलेला श्वास, त्यावर हे जगतं.
धुराबरोबर जे गेलंच असतं
त्याच्यावर एक चाक फिरवतं
आणि दुसऱ्या चाकाने ताजी हवा आत कोंबतं.
उष्टं चालत नाही म्हणणाऱ्या घरात वाढले मी.
ताटं वेगळी, पेले वेगळे,
आजोबांचा तांब्या तर खुंटीवर.
आणि आता भर उकाड्यात, ग्रीसच्या वासात
उष्ट्याची किंमत विचारतेय, हप्त्याने देता का म्हणून.

"हा लावा. आणि इंटरकूलर मोठा."
"शहाण्या आहात."
शहाणी म्हटल्यावर जरा वाईटच वाटलं.

तो नारळ पेपरात गुंडाळायला लागला.
दातांचे डॉक्टर, तिसरं वळण, त्याचा तो हात
सगळं त्या पेपरात जात होतं.

"ह्याला गिऱ्हाईक आलं तर," मी म्हटलं,
"आधी मला फोन करा."