गार असताना उचलतो

सकाळी उचलतो. शहाण्यासारखा.
दोन तास रान हाणलं की
बांधावर वळताना लिव्हर पूर्ण ओढते मी,
आणि मागे नऊचे नऊ फण तसेच मातीत,
गाढवानं पाय रोवावेत तसे.

मंद्रूपच्या अलीकडे, सीनेच्या अंगाला आमची काळी.
हस्त निघालाय. ढेकूळ मुठीत दाबलं
तर फुटतं, चिकटत नाही.
असा वापसा चारच दिवस असतो,
त्यातले दोन गेले.

ज्याला त्याला रोग माहीत.
दिरांनी पुण्याहून फोनवर सांगितलं, पंप गेला.
सोसायटीतला यल्लप्पा म्हणाला, पिस्टनची रिंग,
तेल तापून पातळ होतं, निसटतं.
होटगी रोडच्या दुकानदारानं तर
तेलकट कागदातला नवा पंप काउंटरवर ठेवलाच.
अठरा हजार.
मी म्हटलं, दस्तगीरभाईंना विचारते आधी.

ते लुनावर आले, पेटी ट्यूबनं आवळलेली.
काही खोललं नाही.
एक लांब पेचकस पंपावर टेकवला,
मुठीला कान लावून उकिडवे बसले,
डोळे मिटून, बराच वेळ.

"रडूलालाय बघ अक्का.
मेलेला पंप रडत नसतो.
ह्याला प्यायला मिळेना."

मी म्हटलं, पण गार असताना उचलतो की.
"गार असताना, का निवांत असताना?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
एकोणचाळीस वर्षांचा एचएमटी,
अकरा वर्षं मी चालवते,
हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

घमेल्यात तेल सोडलं. ताकासारखा फेस.
मग हात कोपरापर्यंत आत घालून
त्यांनी जाळी बाहेर काढली,
आणि मी रंग ओळखला.

मोराचा निळा. काठाचा लाल.
माझा भाऊ अंबादास अक्कलकोट रोडच्या कारखान्यात,
दर दिवाळीला चादरीच्या चिंध्यांचं पोतं देतो.
त्यानंच मी पुसत आले: दांडी, नरसाळं, तेलाचं तोंड.
एकदा पुसून पुन्हा एकदा.
शेजारणी हसायच्या, काय बाई, ट्रॅक्टर का तान्हं पोर.

कंगव्यात केस अडकावेत तसे धागे,
थरावर थर.
दस्तगीरभाईंनी चिमट्यानं एका टोकाला धरून सोललं
आणि तळहाताएवढी चादर आली बाहेर,
आतल्या आत विणलेली,
अकरा वर्षं, मागाशिवाय.

"रात्री हे खाली बसतंय. सकाळी जाळी मोकळी.
चालू केलास की पुन्हा जाऊन चिकटतंय.
तापल्यामुळं न्हाई अक्का. हालल्यामुळं."

बोनेटवर पसरून ठेवली त्यांनी ती, वाळत घातल्यासारखी.
मला काही बोलले नाहीत.
डिझेल आणि ब्रश मागितला,
जाळी धुतली, उन्हाकडे धरून बघितली.
मी सवयीनं चिंधी पुढे केली.
"पुसू नको. निथळू दे."

दिवेलागणीला नऊ फण वर गेले,
आणि राहिले.
त्यांनी चाकावर खडूनं रेघ मारली,
इंजिन बंद केलं, चहा मागितला.
बशी संपेपर्यंत फण दोन बोटं उतरले होते.

हे हो काय?
"ही रिंग. यल्लप्पाची.
म्हातारी झालीय, दोन बोटं चालतंय की.
माझा खांदा उतरतोय त्यापेक्षा जास्त.
पेरून घे आधी."

तीनशे रुपये घेतले. पेटी बांधली.
लुना दोनदा पायडल मारूनही पेटली नाही,
मग ढकलत नेली फाट्यापर्यंत.

पहाटे बघितलं तर फण रात्रभरात
जमिनीला टेकलेले.
किल्ली फिरवली. उठले.
खाली ओल्या मातीत नऊ टोचे.

उजाडायला अजून अवकाश आहे.
पाभर जोडायचीय.
पायरीवर नरसाळं उपडं घातलंय,
त्याच्या तोंडाशी एक थेंब
धरतोय, लांबतोय,
अजून पडत नाही.