प्रश्न चौदावा

रोटरडॅम. मे महिना. व्यायामशाळेत
बास्केटबॉलच्या रेषांवर मांडलेली एकशे बारा बाकं.
दुपारी दीडचा पेपर, भौतिकशास्त्र.
विदादच्या मनगटावर निळ्या शाईत आकडे: २१:३६.
मनगटावर काही लिहिलेलं असलं
की मला विचारावंच लागतं.
"सूत्र नाही सर," ती म्हणाली,
"मगरिब आहे."

एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांनी आम्हाला एक आलेख दाखवला होता:
उपास आणि गुण, दोन रंगांच्या दोन रेघा,
एक दुसरीच्या जरा खाली.
जरा म्हणजे किती, विचारलं
तर तळटीपेवर बोट ठेवलं त्यांनी:
झोप कमी, घर लहान, दिवस लांब,
यातलं काय कशामुळे ते सांगता येत नाही.
मग कॉफी आली.

प्रश्न चौदावा.
ग्लासात दोनशे ग्रॅम पाणी, तापमान वीस,
त्यात दहा-दहा ग्रॅम बर्फाचे तीन खडे.
अंतिम तापमान काढा.
प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काही नसणार.
पाणी पिता पिताच सुचला असणार त्याला.
एकशे बारा पानं एकदम उलटली,
कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं,
आणि एरवी कशालाही हसणारी ही मुलं
हसली नाहीत.

माझी बाटली खुर्चीखाली होती.
तिथे प्यायचा धीर होईना,
म्हणून कॉरिडॉरमध्ये गेलो,
तर नळाला तोंड लावून नॉर्दिन.
इमामांनी सूट दिलेली, हे रोजे नंतर धर म्हणाले,
आईने सकाळी समोर बसून खाऊ घातलेलं,
फक्त मित्रांना सांगायचं राहिलं होतं.
हनुवटीवरून पाणी ओघळत होतं त्याच्या.
मी बाटली पाठीमागे लपवली.
का, कोण जाणे.

पेपर तपासतोय स्वयंपाकघरात, रात्री.
नॉर्दिनच्या ग्लासातलं पाणी
बर्फ घातल्यावर चौऱ्याऐंशी अंशांवर गेलंय.
अंश सेल्सिअस. एकक अगदी बरोबर.
विदादचं उत्तर: सात.
पायऱ्या चोख, वितळण्याची उष्णता धरलेली,
खोडाखोड नाही. पण नुसतं सात.
पुढे काही नाही. एकक नाही.
नियमाप्रमाणे एक गुण वजा.

करतो वजा.
पण त्या सातच्या शेजारी
मनगट टेकल्याजागी घामाने उमटलेत
उलटे निळे आकडे,
आरशात धरले तर वाचता येतील असे.
दुसरा परीक्षक झ्वोलेला असतो.
तो विचारेल, हा डाग कसला.