पाठकोरे कागद

जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात
भरतीचं टेबल माझं. वर पत्रा, पत्र्यावर ऊन,
आणि दोन जागांसाठी एकसष्ट अर्ज.

सगळ्यांचा छंद वाचन.
सगळ्यांचा दोष एकच : मी फार मेहनत करतो, सर.
कुठल्या क्लासात शिकवतात हे, देव जाणे.
मीही तेच बोललो होतो बावीस वर्षांपूर्वी,
याच टेबलाच्या पलीकडे, उसन्या बुटांत.

भावेश निंबा सोनवणे, तालुका पारोळा.
शर्टाला इस्त्री, आवाजालाही.
बोलत होता छापील, बातम्यांतल्यासारखं.
विचारलं : रात्रपाळीत माग थांबला,
फोरमन जागेवर नाही. काय कराल?
तो गप्प. फाइलचं बटण लावलं, काढलं, लावलं.
मग इस्त्री मोडली :
"माले नही येस, साहेब. पन इचारी लिसू."

फॉर्मवर रकाने बारा.
आत्मविश्वास, देहबोली, नेतृत्वगुण.
विचारून घेण्याला रकाना नाही.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
जसं तो बोलला तसंच.
माझी आईही तसंच बोलायची.

दुसरी जागा ज्योत्स्ना सपकाळेची.
माझ्या मनात तरी.
आयटीआय, फिटर, पहिला वर्ग.
काही विचारायचंय का, म्हटलं, तर म्हणाली,
"तीन नंबरच्या मागाला डावीकडे गार्ड का नाही?"
दारात बसल्या बसल्या पाहिलं होतं तिनं.
खरंच नव्हतं.
वरून निरोप आला, मुलीला रात्रपाळी कशी द्यायची.
मी "कळवतो" म्हणालो.
हा शब्द मी रोज वापरतो.
अजून एकालाही कळवलेलं नाही.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस हॉलमध्ये :
पडद्यावर हेल्मेटातला गोरा माणूस,
एकेक कचोरी, हजेरीवर सही.
खरं प्रशिक्षण सुभान तडवींकडे.
"हात मागे बांध," ते म्हणाले,
"तीन दिवस नुसता ऐक.
धागा तुटला की माग बोबडा होतो."

मे महिना. भावेश उभा,
घाम कोपरावरून थेंब थेंब फरशीवर.
जेवणाच्या सुट्टीतही हात मागेच राहिले,
पोरं हसली.
तिसऱ्या दुपारी एकाएकी म्हणाला,
"तुटना."
सुभानभाईंनी माग थांबवला.
डावीकडून सातवा.
ते काही बोलले नाहीत. तंबाखूची डबी पुढे केली,
मग नियमाची पाटी आठवली, मागे घेतली.

चौथ्या दिवसापासून गाठी.
गाठ समजावायला कागद लागतो.
सुभानभाई माझ्या कपाटातून पाठकोरे नेतात,
म्हणजे नाकारलेले अर्ज,
ज्यांची एकच बाजू वापरून झालीय.
पेन्सिलीनं काढून दाखवतात :
हे टोक खालून, हे वरून,
आता ओढ. एवढं नको ओढू.

काल रात्रपाळीला गेलो होतो.
भावेशनं कागद ट्यूबलाइटसमोर धरलेला,
गाठ नीट दिसावी म्हणून.
गाठीच्या आरपार उलटी अक्षरं :
सपकाळे. फिटर. पहिला वर्ग.
खाली मोबाइल नंबर.

"साहेब, हाई कोन शे?"

तीन नंबरचा माग चालू होता,
डावी बाजू तशीच उघडी.
मी कागद हातात घेतला, पलटला नाही.
उजवीकडून डावीकडे वाचत गेलो,
एकेक आकडा.