विषय निवडा

तीन वाजून दहा मिनिटं. मुरारचं प्रसूतिगृह, खिडकीला धुकं.
बेड दोन झोपलीय, बेड चार कण्हतेय,
पाच सेंटिमीटर, पाण्याची पिशवी शाबूत.
मोबाईल स्पिरिटच्या बाटलीला टेकवून उभा.
फॉर्म विचारतो : विषय निवडा.

बोटाखाली पाच नावं उघडतात.
वैद्यक-शल्य, बालआरोग्य, मनोविकार, सामुदायिक,
आणि सगळ्यात खाली प्रसूती व स्त्रीरोग,
पंगतीत वाढणारी शेवटी बसते, तसं.

ओमना सिस्टर म्हणते, मनोविकार घे,
जागा रिकाम्या राहतात,
पुढे शिकवायला लागलीस की साडीला रक्त नाही.
ती त्रिशूरहून इथे आली तेव्हा मी शाळेत होते.
तिचं हिंदी अजून 'लंबी साँस' आणि 'जोर लगाओ',
तेवढ्यावर तिची तीस वर्षं भागली.

नवरा ए.जी. ऑफिसात. त्याने रीतसर हिशेब मांडला :
दोन वर्षं, अर्धा पगार, फी, बाँड,
परत आल्यावर वाढणार किती.
कागदाची घडी माझ्या डब्याखाली ठेवली.
शेवटी 'स्कूटर विकली तर' असं लिहून खोडलंय.
खोडलेलं वाचता येतं.

आणखी एक वाट आहे म्हणतात, अठरा महिन्यांची,
नुसत्या सुइणीच्या विद्येची.
साधं बाळंतपण आपल्या सहीने, डॉक्टरला न उठवता.
पण पद निघेल का? बदली कुठे? मी भोपाळला फोन लावला.
पलीकडचा चहा पीत म्हणाला,
मॅडम, आप पहले कर तो लीजिए.

गेंदाबाई बेड चारपाशी स्टुलावर.
कणीक मुरलीय का पाहावी तसा पोटावर तळवा दाबते
आणि सांगून टाकते, मौड़ा उल्टो है, किंवा, सूधो है, फिकर मत करो.
सोनोग्राफी दुसऱ्या दिवशी तेच सांगते, पैसे घेऊन.
मस्टरवर तिच्या नावापुढे 'सफाई'.
पाचांतल्या कुठल्या नावाखाली तिला शोधू?

पुढचा रकाना : अनुभव, वर्षे आणि महिने.
अकरा वर्षं, चार महिने.
यात ती एक रात्र कुठे बसते?
भितरवारची सरोज, एकोणीस वर्षांची.
बाळ रडलं, आम्ही हसलो, कुणीतरी गजक वाटली,
आणि मग रक्त थांबेना.
मी सगळं वेळेवर केलं. चौकशीने तसंच लिहिलं.
'वेळेवर' हा एकच शब्द
तेव्हापासून मला कुणाकडून तरी शिकायचाय.
त्याचा विभागप्रमुख कोण, ते माहितीपत्रकात नाही.

बेड चार ओरडते. मी उठते.

चार बावन्न. मुलगी, दोन किलो सातशे.
वार आली, अख्खी, दोनदा उलटून पाहिली.
पोट घट्ट, चेंडूसारखं. नियमाने आता हात काढायला हरकत नाही.
मी काढत नाही. दुसरा हात रक्ताच्या ग्लव्हमध्ये.
आई विचारते, सब ठीक है दीदी?
ठीक है, म्हणते, आणि हात तिथेच.

गेंदाबाई टेबलावरून मोबाईल घेऊन येते,
पदराने पुसून माझ्या तोंडासमोर धरते.
जे बेर-बेर जल रओ है. का पूछ रओ?
विषय पूछ रहा है.
तो बता दो.

तिला अक्षरं येत नाहीत. मी म्हणते,
सबसे नीचे वाला.
ती अंगठा पुढे करते, थांबते,
आधी मुलीच्या कपाळावरची टोपी सारखी करते,
मग दाबते.